कोपऱ्यातली काच

सोमवार
आजपासून मुक्काम आत्याकडे. एकोणतिसावा मजला! लिफ्टमध्ये कानांत दडे बसले. माझी नवी नोकरी इथून हाकेच्या अंतरावर, आत्यालाही सोबत. दोघींची सोय झाली. भिंतींना कान असतात म्हणतात, पण आत्याच्या मते या घरात भिंती आहेतच कुठे? तिच्या कोपऱ्यातल्या खोलीत तर दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच. ढग अगदी उशाशी.

बुधवार
वारा वाढलाय. कपातला चहा हिंदकळतो. आत्याच्या काचेत माझं प्रतिबिंब फुगतं, आक्रसतं, पुन्हा फुगतं. न राहवून काच बसवणाऱ्याला बोलावलं. कडेचं रबर त्याने दाबून पाहिलं, ते सुटलं होतं. म्हणाला, वारा काच आत ढकलतो असं लोकांना वाटतं; कोपऱ्यावर तो बाहेर ओढतो. रबर मागवतो, तोवर इथे झोपू नका. आत्या हसली. म्हणे, नवऱ्याच्या घोरण्याने हलले नाही, वाऱ्याने काय हलणार!

शुक्रवार, सकाळ
दुपारी वादळाचा इशारा. ऑफिस बंद. आत्याला माझ्या खोलीत आणलं. पण घडीघडीला तिला तिकडचं काहीतरी हवं असतं. चष्मा, गोळ्या. मीच आणते. काचेकडे पाठ करायचा धीर होत नाही.

शुक्रवार, दुपार
समोरच्या इमारतीची एक काच गेली. आधी पडदा बाहेर ओढला गेला, मागोमाग खुर्ची. लिफ्ट बंद. पहारेकऱ्याचा फोन आला, जिन्यात जाऊन बसा. मी आत्याच्या चपला शोधत होते— वळून पाहते तर ती नाही.

नंतर
काकांचा, तिच्या नवऱ्याचा, फोटो आणायला तिच्या खोलीत गेली होती. काच फुटल्याचा आवाज, आणि धाडकन दार बंद. भिंतीला पाय लावून ओढलं. हलत नाही. पलीकडून वारा खेचतोय. आत्या ओरडून म्हणाली, पलंगाचा पाय धरलाय, तू जिन्यात जा. नाही गेले. पहारेकरी माणसं घेऊन येतोय. हातांना काहीतरी काम हवं, म्हणून लिहितेय—

पलंग सरकतोय.

ती हाका मारतेय, माझ्या लहानपणीच्या नावाने. चिमणे, दार सोड—

वारा पडला. दार सैल झालं. उघडलं. पलंग फुटलेल्या काचेच्या चौकटीत अडकलाय, अर्धा बाहेर.
आत्या नाही.

वारा पुन्हा सुटला. माझ्या खोलीत आले. कडी लावली. पहारेकरी अजून—

हाक आली. चिमणे, गार लागतंय, आत घे.
दाराकडून नाही.
पडद्यामागून. खिडकीच्या बाहेरून. मी पडदा—