माझ्या ग्लासात काय होतं

बाबा, आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या शनिवारी दुपारी, प्रोजेक्ट जमा केल्यावर, आम्ही नऊ जण कल्याणला एका मित्राच्या घरी जमलो.
२. माझ्या ग्लासात नुसता कोला होता. त्यात रम आहे असं सगळ्यांना वाटत होतं.
३. होस्टेलवर राहणारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पहिल्यांदाच दारू प्यायली. दीड तासात चार ग्लास.
४. ती शुद्धीवर येईना, म्हणून आम्ही दोघींनी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. आता बरी आहे.
५. ती आपल्या मनाने प्यायली का, एवढंच कॉलेजच्या समितीने मला लेखी विचारलं आहे. तिचं वर्ष आणि होस्टेलची जागा त्यावर ठरेल.

मी तीन वर्षं असाच कोला धरून बसते आहे. पहिल्या वर्षी "मी घेत नाही" म्हटलं, तर सहा महिने मला सगळे काकूबाई म्हणत होते. तेव्हापासून ग्लास आधीच स्वतः भरून घेते आणि सावकाश पिते. कोणी विचारत नाही.

शनिवारी ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा ग्लास भरलेला, पण ओठाला लावलेला नव्हता. हळूच म्हणाली, "ताई, तू पण घेतेस?" समोरून एकजण ओरडला, "अगं, ताई घेऊन पण पहिली येते! तुला काय होतंय?" सगळे हसले. मी म्हणाले, "सगळेच घेतात गं," आणि ग्लास वर केला. ती सुटल्यासारखी हसली आणि प्यायली.

रिक्षात माझ्याबरोबरची मुलगी रडत म्हणाली, "माझ्यात पण नुसता कोलाच होता." आणि काल हॉस्पिटलमध्ये, शुद्धीवर आलेली ती दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "ताई, मला वाटलं फक्त मीच घाबरतेय."

माझ्या जबाबात दोन वाक्यं आहेत. 'मी मद्यपान केलेले नाही. तिला कोणीही आग्रह केला नाही.' दोन्ही खरी. त्या वाक्यांमुळे मी यातून सुटते, आणि ती एकटी उरते.

मी नववीत होते. डोंबिवलीच्या घरी, तुम्ही कारखान्याच्या लॅबमधून आलेले, ओट्याशी उभे राहून चहा पिताय. माझ्या जर्नलमध्ये मैत्रिणीची रीडिंग्ज उतरवलेली तुम्हाला दिसतात. मी व्हाइटनर घेते. तुम्ही तो काढून घेता. "पुसायचं नाही. एक आडवी रेघ मार आणि सही कर. चुकीचं काय होतं तेही वाचता आलं पाहिजे." मी म्हणते, "बाई मार्क कापतील." "कापू देत."

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आज त्या दोन वाक्यांवर मी रेघ मारली. खाली लिहिलं, 'तिने मला विचारले होते. मी खोटे सांगितले.' सही केलेली नाही. केली, तर कॉलेजमधून मिळालेली नोकरी जाऊ शकते. आईला यातलं काही माहीत नाही.

आणि बाबा, तेव्हा बाईंनी मार्क कापलेच नव्हते. तुम्ही आंघोळीला गेल्यावर मी ते पान काढून टाकलं आणि नवीन लिहिलं. रेघ नाही, सही नाही. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

हे पत्र कुठे पाठवता येणार नाही, जबाबाच्या फाइलमध्येच राहील. तरी जबाब शुक्रवारी दुपारी चारला द्यायचा आहे. त्याआधी उत्तर द्या.