दशपाद : साठ शब्दांत

३ फेब्रुवारी
संपादकबाईंनी बोलावलं. कोशाच्या पाचव्या खंडात माझी एकच नोंद उरलीय म्हणाल्या, ‘दशपाद’. अर्थ, व्युत्पत्ती, एखादं उदाहरण. साठ शब्द. वीस तारखेला खंड प्रेसमध्ये. महिनाअखेर मी रिटायर; पण नोंद वेळेत दिली तर सहाव्या खंडासाठी मुदतवाढीची शिफारस करतील. दुपारच्या चहाआधी देतो म्हणालो.

४ फेब्रुवारी, स. ११
‘डेकापोडा या संज्ञेचा मराठी पर्याय. ग्रीक डेका म्हणजे दहा, पोडोस म्हणजे पायाचा.’ हे कुणीही लिहील. त्याला तीस वर्षांचा अनुभव कशाला? फाडलं. उद्या नव्याने.

७ फेब्रुवारी
खेकडा, कोळंबी, शेवंड. दहा पाय भरतात ते पुढच्या नांग्या धरून. पण नांगी हा पाय का? तीन पानं झाली, अजून नांगीतच आहे. शेजारच्या टेबलावरचे वनस्पतीवाले दगडफुलापासून द्राक्षापर्यंत सगळं देऊन मोकळे. वर मला विचारतात, काय हो, कितव्या पायापर्यंत आलात? उथळ माणूस.

११ फेब्रुवारी
नवा पेच. माकूळ, म्हणजे स्क्विड. त्यालाही दहा हात, आणि एके काळी त्याच्या गटालाही हेच नाव दिलेलं. मग नावावर हक्क कुणाचा? लायब्ररीत जुने ग्रंथ मागवलेत.
ही म्हणाली, अहो, दहा पायांचे प्राणी, एवढं लिहून टाका की. नाहीतर पुढच्या महिन्यापासून घरी बसून माझ्या डब्यांची व्युत्पत्ती सांगाल. संशोधकाच्या घरी असं चालायचंच.

१५ फेब्रुवारी
ग्रंथ आले. वाचले नाहीत. आधी टेबल आवरलं. मन मोकळं हवं.

१९ फेब्रुवारी
चाळीस पानं. साठ शब्दांत कोंबणं म्हणजे खेकड्यावर अन्याय. बाईंकडे दोन दिवस मागितले. त्या नुसतं बरं म्हणाल्या, मान वर न करता. म्हणजे मान्य.

२० फेब्रुवारी, सायं. ५
खंड गेला. माझ्या नोंदीच्या जागी बाईंनी ‘पाहा : खेकडा’ एवढंच टाकलं. ‘ख’चा खंड छापून एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे तो उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. मला राग नाही. खेकडासुद्धा माझाच. वाचक फिरून माझ्याकडेच येणार. मुदतवाढीचं मी काढलं नाही. त्याच काढतील.

२८ फेब्रुवारी
निरोप. भाषणात वनस्पतीवाले म्हणाले, यांनी कशाचीही घाई कधी केली नाही. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. प्रेम दिसलं. बाई घाईत होत्या, सहाव्या खंडाची मीटिंग. मला बोलवायचं राहून गेलं असावं.

९ मार्च
बाईंचा फोन नाही. लाइन खराब असेल. हिने शेजारून फोन करून बघितला. लागला.

१२ जून
पाचवा खंड पोस्टाने घरी आला. सोबत चिठ्ठी नाही. हिला कौतुकाने ‘दशपाद’ उघडून दाखवलं. पाहा : खेकडा. म्हटलं, आता खरी नोंद बघ. कपाटातून दुसरा खंड काढला, धूळ झटकली, पान उघडून तिच्या हातात दिलं.
खेकडा : पाहा, दशपाद. खाली माझी आद्याक्षरं.
आठवलं. तेव्हाही नांगीपाशीच अडलो होतो. ‘द’ येईल तेव्हा सविस्तर लिहू, असं ठरवलं होतं.
हिने दोन्ही खंड मांडीवर घेतले. इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. मग विचारलं, अहो, पण पाय किती?
दहा, म्हणालो. मात्र माकूळ धरलं तर...
ती दूध बघायला आत गेली होती.