काळ्या करकोच्याची नोंद

मी, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली मीटरवाचक, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोळ्यांचाही जोडला आहे, कारण आमच्या पक्षीमित्र मंडळाला माझ्या बुद्धीपेक्षा नजरेची काळजी जास्त.

१. बँकेतील ठेव भावजयीला. पक्ष्यांची आवड असल्याचं सोंग तिनं कधी केलं नाही. "वन्सं, थंडीत कुडकुडत बदकं कसली मोजता? ती काय पळून जाणारेत?" असं तोंडावर म्हणाली. घरात एवढं तरी खरं बोलणारं माणूस होतं.

२. माझे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मंडळाच्या अध्यक्षांना. हे गृहस्थ हिवाळी गणना गाडीत बसून, काचा लावून करतात. त्यांना पक्षी शेकड्यानंच दिसतात. तीनशे, पाचशे, वर सुटा एक नाही. बूट त्यांना होणार नाहीत, पण ते चिखलात उतरणार थोडेच आहेत!

३. आता घर. सोळा वर्षांपूर्वी गणनेच्या सकाळी मी आणि धाकटा भाऊ तळ्यावर होतो. मी मोजत होते, तो वहीत टिपत होता. लव्हाळ्यातून काळा करकोचा बाहेर आला. लाल चोच, लाल पाय, जेमतेम वीस पावलांवर. धाकट्यानं माझं मनगट असं आवळलं की घड्याळाचा पट्टा रुतला. "ताई, हलू नकोस," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "अहो बाई, इकडे कुठला करकोचा? पाणकावळा असेल." दुर्मिळ पक्ष्याला दोन साक्षीदार हवेत, हा मंडळाचा नियम. सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "मी वहीत बघत होतो," तो म्हणाला. त्याच महिन्यात तो मंडळाचा सचिव झाला. नोंद पडली: पाणकावळा, एक. एकोणतीस वर्षं गावाचे मीटर वाचले, एक आकडा चुकला नाही, आणि मला म्हणे पाणकावळा ओळखता येत नाही!

४. सबब, माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या गणनेआधी धाकट्यानं "मी करकोचा पाहिला होता" असं मंडळाला लेखी दिलं, तर घर गणनेला येणाऱ्यांच्या विसाव्याला जावं आणि माझी दुर्बीण त्याला मिळावी. न दिल्यास घर त्याचं, दुर्बीण शाळेला. घरासाठी त्याला वकील गाठायला नको, फक्त गप्प राहायचं. सराव आहेच.

धाकट्या, करकोच्याचं मला काही नाही रे. तो आला, गेला. इतकं देखणं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, ते आपण दोघांनी मिळून पाहिलं, आणि तू मला भर बैठकीत एकटं पाडलंस. ते अजून सलतं.

स्थळ: राहतं घर, तळ्याकडची खोली
दिनांक: २१ जानेवारी, गणनेचा आदला दिवस
सही: (मीटरवाचक)

साक्षीदार: १. शेजारची शिंपीण (सही) २. पोस्टमन (सही)

वरील दोघांनी मला सही करताना पाहिलं, आणि विचारल्यावर "हो, पाहिलं" असं म्हणाले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.