मधल्या दिव्याच्या चिंध्या

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दारावर पितळी पाटी लागली. मॅनेजर खाली उभा राहून बोंबलत होता — डावीकडे! अजून डावीकडे! पाटीवर गाणाऱ्या बाईंचं नाव, माझ्या पंजाएवढी अक्षरं. मोठ्या दालनाला आता त्यांचं नाव. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, की याच सभागृहाने त्यांना एकदा नाकारलं होतं. एकोणीस वर्षांची पोर आवाज तपासून घ्यायला आली आणि दोन मिनिटांत वाटेला लावली. आवाजात खरखर आहे म्हणे! पुढे सगळं जग त्या आवाजापाठी वेडं झालं. हे मात्र एक्केचाळीस वर्षं कानात बोळे घालून बसले.

सोळाला कार्यक्रम. बाई स्वतः गाणार, तेही माईक न लावता.

आणि पाटी घासायची कोणी? मी!

बुधवार, ५ नोव्हेंबर

आईला सांगितलं. वाटलं खूश होईल. तिथंच झाडू मारत म्हातारी झाली, मी तिच्याच जागी लागले. तर ही ताटावरून उठली. म्हणते, "मधल्या दिव्यात चिंध्या भरल्यास का?"

भरल्यात म्हटलं. दर वर्षी भरते. साहेबलोकांना हे माहीत नाही, झाडूवाल्यांनाच माहीत. दालनात मधोमध मोठा दिवा लोंबतो, त्याची काच पितळी वाटीत बसते. दोघांच्या मध्ये चिंधी दाबून भरली नाही तर वरचा सूर लागला की काच वाजते. डबीत माशी अडकल्यासारखी. आणि खाली बसलेल्याला वाटतं, गाणाऱ्याच्या गळ्यातूनच आलं.

"नक्की भरल्यास?"

चार वेळा विचारलं. पाचव्या वेळी मी ओरडले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आई धड जेवत नाही. चिंध्या, चिंध्या, चिंध्या. मलाच वेड लागायचं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज कानसाहेब आले. तेव्हा परीक्षक हेच होते, यांनीच बाईंना नाकारलं. कान फार तेज, म्हणून नाव पडलं कानसाहेब. आता नव्वदीला टेकलेत, डोळे गेल्यात जमा. पण विश्वस्तांत सगळ्यात वडील, म्हणून बाईंना मानपत्रही यांच्याच हातून! शिपाई माझ्या कानात म्हणाला, "म्हाताऱ्याच्या पोटात काय कळ येत असेल गं!" मी तोंडात पदर कोंबला.

मग हसू गेलं. कानसाहेब काठी टेकत मधल्या दिव्याखाली जाऊन उभे राहिले. मान वर केली. आणि बारीक आवाजात एक सूर धरला — लांब, उंच. दिवा गप्प. पुन्हा धरला. दिवा गप्पच. चेहरा असा पडला, जसं कोणी ओळख द्यायला नकार दिला.

वळून मला म्हणाले, "तू तिची मुलगी ना? शिडीवालीची?"

माझ्या आईला शिडीवाली आजवर कोणी म्हटलं नाही.

"आई आहे का? बोलते का अजून?"

बरी आहे का, नाही विचारलं. बोलते का, विचारलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

सांगितलं एकदाचं आईने. मी तिला आंघोळ घालत होते, पाठ माझ्याकडे होती म्हणून बोलली असेल.

"मी विसरले नव्हते. मला काढायला लावल्या."

कोणी?

"कानसाहेबांनी. त्यांची भाची बाईंच्या मागून गाणार होती. म्हणाले, सकाळी दिव्यातल्या चिंध्या काढ, दुपारी परत भर, ती एक पोरगी गाऊन गेली की. पुढच्या महिन्यात मला कायम केलं. मागची खोली दिली."

हीच खोली. मी जिथे बसून लिहितेय ती.

मी तांब्या आपटला. म्हटलं, एवढी वर्षं तोंड शिवलं होतंस का? तर म्हणते, "तू लहान होतीस. बापाने पाठ फिरवलेली. तूच सांग मी काय करायचं होतं."

तांब्या उचलला आणि तिची पाठ पुन्हा चोळायला लागले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मला आठवतंय. काल आईला बोलले नाही, पण आठवतंय.

मी नऊ वर्षांची होते, शाळेला दांडी मारून आईबरोबर आलेले. आई रिकाम्या हाताने वर गेली, मूठभर चिंध्या घेऊन खाली आली. दारात एक मुलगी उभी होती, माझ्या मावशीएवढी. हातात चप्पल धरलेली, फरशी मळू नये म्हणून. ती आमच्याकडे बघून हसली. आई हसली नाही.

शिडी मी धरली होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कानसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. मॅनेजर छापखान्यात गेलेला, ते बरोबर हेरून.

"परवा दिवा पुसशील ना? आत जे काही असेल ते काढून टाक. परत घालू नकोस."

का म्हटलं.

"एकोणनव्वद वर्षांचा आहे मी. एक्केचाळीस वर्षं लोक माझ्या मागे म्हणतात, म्हाताऱ्याचा कान चुकला. एकदा सगळ्यांना ती खरखर ऐकू दे. मग मी मोकळा."

मी म्हटलं, "पण साहेब, ती खरखर तर तुम्हीच—"

"खोली मागच्या अंगणातलीच ना?" मध्येच तोडलं. आवाज एकदम गोड. "महिनाअखेरीला विश्वस्तांची बैठक आहे. तुझी आई समजूतदार होती हो."

या माणसाला आता ते खरंच वाटतं! स्वतः केलं आणि स्वतःच विसरला. की विसरला नाही? बघत होता माझ्याकडे, पण त्याला दिसतं किती, कळत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मॅनेजरला सांगायला गेले. "साहेब, मधल्या दिव्याचं—"

"गालिचा झाडलास का?"

झाडला. बाहेर आले. सांगून तरी काय? म्हणेल, पुरावा? पुरावा घरात खाटेवर पडलाय, आणि त्याने तोंड उघडलं तर आम्ही दोघी रस्त्यावर.

घरी आले तर आई जुनी चादर फाडत बसलेली. एक एक पट्टी, दाताने. म्हणाली, "नव्या भर. जुन्या झिजल्या असतील." मग स्वतःहून ताट ओढलं आणि जेवली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नऊ वाजता शिडी लावली. कानसाहेब हजर! दुसरं कोणी नाही.

"चढ. मी धरतो."

नव्वदीचा माणूस शिडी धरणार! नाही म्हणायची सोय नव्हती. चढले. नव्या चिंध्या कमरेला खोचलेल्या, वरून पदर. खाली त्याचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. एक हात ढिला सोडला तरी माझी हाडं गोळा करावी लागली असती.

जुन्या चिंध्या काढल्या. त्याने खालून सूर धरला.

काच वाजली. ती माशी! एवढ्या वर्षांनी तीच माशी. खाली बघितलं तर डोळे मिटलेले, तोंडावर हसू, बाळाला दूध मिळावं तसं. तो मिटलेल्या डोळ्यांनी सूर धरून होता, एवढ्यात मी एका हाताने नव्या चिंध्या कोंबल्या. अंगठ्याने ठासून. काच हळूहळू गप्प होत गेली. त्याचाही सूर संपत आला होता, श्वासच पुरेना. त्याला वाटलं सुराबरोबर काच थांबली.

पुन्हा धरला असता तर? नाही धरला. दमला होता.

खाली उतरून जुन्या चिंध्यांची मूठ त्याच्या हातात दिली. त्याने त्या कोटाच्या खिशात ठेवल्या, रुमाल ठेवावा तशा.

"आईसारखीच आहेस," म्हणाला.

उद्या कळेलच त्याला. महिनाअखेरीला खोली जाईल. जाऊ दे. कपड्यांची पेटी कुठे ठेवायची ते बघायला हवं, आईची खाट त्या अरुंद दारातून निघणार कशी ते बघायला हवं.

रविवार, १६ नोव्हेंबर

झाडूच्या खोलीत बसून लिहितेय.

बाई गायल्या. वरचा सूर लागला. दिवा चूप. पहिल्या रांगेत कानसाहेब मान कलती करून वाट बघत होते. काही नाही. मी देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्यांदा वरचा सूर — आणि खरखर! माशी! सगळं दालन दचकलं. मी ठासून भरल्या होत्या, माझ्या अंगठ्याचं नख तुटलंय! कानसाहेब अर्धे उठले, बाजूच्याचा हात धरून म्हणाले, "ऐकलंत? ऐकलंत ना?"

बाईंनी तोंड मिटलं. खरखर थांबली. तोंड उघडलं. पुन्हा आली. दिव्यातून नाही, गळ्यातून. मुद्दाम. हुबेहूब त्या काचेची.

गाता गाता त्यांनी दिव्याकडे बघितलं. मग कानसाहेबांकडे. कानसाहेबांचा हात चिंध्यांच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. मग बाईंनी दाराकडे बघितलं, जिथे मी उभी होते. हसल्या. तशाच, तेव्हा हसल्या होत्या तशा.

आत्ता शिपाई आलाय. म्हणतो, बाईंनी तुला आत बोलावलंय. विचारतायत, शिडीवरची ती आहे का अजून?