निचरा : मध्यम

३ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाने आपली निरीक्षणं लिहून ठेवली पाहिजेत, आणि आमच्या माती सर्वेक्षण कार्यालयात मीच काय तो शास्त्रज्ञ उरलोय. बाकीचे नोकरी करतात.
मोठ्या साहेबांनी नवं काम दिलं. नदीकाठचा सगळा सपाट पट्टा तपासायचा आणि मातीचा वर्ग ठरवायचा. पाण्याचा निचरा चांगला, मध्यम की वाईट? वाईट निघाला तर तिथे घरं बांधायला परवानगी नाही. रिपोर्ट महिनाअखेर.
आम्ही घेतलेला प्लॉट त्याच पट्ट्यात येतो. हे साहेबांना सांगितलं नाही. उगाच त्यांना वाटायचं की मी पक्षपात करीन.

४ ऑक्टोबर
प्लॉट घेण्याआधी तिथे खड्डा खणून पाहिला होता का, असं हिने चहा ओतता ओतता विचारलं. उभा जन्म माती चोळण्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न! त्या दिवशी एजंटसमोर मी वरची माती चिमटीत घेतली, डोळे मिटले, चोळली, हुंगली आणि म्हणालो, झकास. एजंट बघतच राहिला. खड्डे नवशिके खणतात. हिला एवढंच सांगितलं की त्या दिवशी फावडं नव्हतं.
आईने विचारलं, घर कधी. गुडघे गेल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. बिल्डिंगला लिफ्ट नाही. दिवसभर गॅलरीतून खालच्या लोकांची डोकी बघते आणि कुणाचं टक्कल किती वाढलं ते आम्हाला सांगते. तिचं मागणं एकच, दार उघडलं की पायाखाली जमीन हवी. पुढच्या वर्षी नक्की, म्हणालो.

७ ऑक्टोबर
पहिला खड्डा आमच्याच प्लॉटवर घेतला. तो पट्ट्याच्या बरोबर मधोमध येतो म्हणून. कारण शुद्ध शास्त्रीय.
वरचा थर तपकिरी, भुसभुशीत, सुरेख. जरा खाली गेल्यावर माती राखाडी. त्यात गंजासारखे तांबूस ठिपके. माती वर्षातले बरेच महिने पाण्याखाली गुदमरून राहिली की असं होतं, असं पुस्तकात आहे. पुस्तकात काय, पुष्कळ असतं. इथे पूर्वी कुणाचं तरी कुंपण असणार. खिळे पडले असतील, गंजले असतील.
आणखी खाली नासक्या अंड्यांचा वास आला. मजुरांनी डब्यात काय आणलं होतं ते विचारायचं राहून गेलं.

८ ऑक्टोबर, शनिवार
खड्डा पाण्याने भरलाय. रात्री पाऊस झाला असावा. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, नाही झाला. त्याच्या घराकडे झाला नसेल.
संकल्प : पाणी उपसून, सोमवारी, शांत डोक्याने, सर्व पुन्हा पहिल्यापासून.

१० ऑक्टोबर
पंप लावून उपसलं. डबा खाऊन होईपर्यंत पुन्हा भरलं. पाणी वरून येत नव्हतं. कडेनेही फारसं येत नव्हतं. तळातून येत होतं, अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखं.
अशा वेळी घाईने निष्कर्ष काढायचा नसतो. निष्कर्ष उद्या.

११ ऑक्टोबर
सर्दी. निष्कर्ष उद्या.

१४ ऑक्टोबर
मोठा दिवस!
आमच्या धंद्यात सगळा खेळ रंगाचा. रंगीत चौकोनांचं एक पुस्तक असतं. मातीचं ओलं ढेकूळ त्यातल्या चौकोनांशेजारी धरायचं आणि जुळेल त्याचा नंबर लिहायचा. नंबर लहान तेवढा रंग मेलेला आणि निचरा वाईट. दोन आला की खेळ खलास. तीन आला तर मध्यम म्हणता येतं.
ऊन कडक होतं म्हणून नवा तपकिरी गॉगल लावला होता. त्यातून दोनचा आणि तीनचा चौकोन अगदी सारखे दिसत होते. मग तीन लिहिला. रंग बघताना रंगीत चष्मा वापरू नये, असं पुस्तकात पहिल्याच पानावर छापलंय, पण ते शिकाऊ लोकांसाठी.
घरी जाहीर केलं : निचरा मध्यम. आईने टाळ्या वाजवल्या. हा गॉगल कधी घेतलात, असं हिने विचारलं. हिला विज्ञानात रस नाही.

१८ ऑक्टोबर
संध्याकाळी घराचा नकाशा काढला. आईची खोली सर्वांत पुढे, थेट अंगणात उघडणारी. पायरी नाही. आई म्हणाली, उंबरठासुद्धा नको. खोडून टाकला.
ठेकेदार नकाशा बघून म्हणाला की तिथे पाया पुरुषभर उंच उचलावा लागेल, नाहीतर घरात मासे पाळा. म्हणजे आईला पुन्हा जिना.
ठेकेदार बदलायला हवा.

२१ ऑक्टोबर
ड्रायव्हरने जीप चालवता चालवता आनंदाची बातमी दिली. आमच्या शेजारचा प्लॉट तो घेतोय. बायकोने विचारलं म्हणे, जागा कशी आहे, तर त्याने सांगितलं, साहेबांनी स्वतः घेतलीय, मातीतला माणूस, मग आपण काय बघायचं? शेजारी राहू, तुमच्या आईंना कधीही कुठे न्यायचं असलं तर गाडी आहेच, असंही म्हणाला.
मी म्हणालो, घाई करू नका. का, असं त्याने विचारलं. घशात काहीतरी अडकलं होतं, त्यामुळे पुढचं सांगता आलं नाही. सर्दी अजून आहे.

२४ ऑक्टोबर
गॉगल घरी ठेवून खड्ड्यावर गेलो. ढेकूळ धरलं. दोन.
ढगाळ होतं. थांबून ऊन येऊ दिलं. दोन. पाठ फिरवली, एकदम वळून पाहिलं. दोन.
खड्ड्याच्या काठावर बराच वेळ बसून राहिलो. मातीची वळी केली, बोटभर लांब, तुटेचना. नुसती चिकणमाती. पाणी एकदा आत घेतलं की सोडायला तयार नाही. हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. नाही, पहिल्या दिवशी नव्हतं दिसलं. दिसलं असेल, पण नीट नव्हतं दिसलं.
आईला कसं सांगू, काही कळत नाही.
संकल्प : आज रात्री जेवताना सांगायचं.
जेवताना आईने अंगणात खुर्ची कुठे ठेवायची ते विचारलं. उजवीकडे, म्हणालो.

३० ऑक्टोबर, रविवार
आई ऐकेना. जमीन दाखवच, म्हणाली. मी, ही आणि ड्रायव्हर, तिघांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. ड्रायव्हर पुढे, कारण जोर त्याचा. मी सूचना देत होतो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला आई सांगत होती की मुलाचं घर बघायला चाललेय.
प्लॉटवर खुर्ची ठेवली, उजवीकडेच. आईने चपला काढल्या, पाय मातीवर ठेवले आणि डोळे मिटले. किती गार आहे रे, म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी नदीकडे बघत उभा राहिलो.
मागे वळलो तेव्हा आई बुटकी झाली होती. खुर्चीचे पाय मातीत उतरत चालले होते. हिने ओरडून सांगितलं, धरा. आम्ही आईला उचललं. खुर्ची ओढली तर ती वर आली, एक पाय तिथेच राहिला.
आई हसत सुटली. मग हसू थांबवून तिने विचारलं की हे तुला कधीपासून माहीत आहे. कालपासून, म्हणालो. लहानपणी अंथरूण ओलं केलंस की पाण्याचा पेला सांडला म्हणायचास, असं आई म्हणाली. ड्रायव्हरसमोर म्हणाली.
परत वर नेताना तीन पायांची खुर्ची कामाची नव्हती. ड्रायव्हरने आईला पाठुंगळीला घेतलं. दाराशी आल्यावर आई म्हणाली, आता मला पुन्हा उतरवू नका, जीव जातो तुमचा.
ड्रायव्हरला खालपर्यंत सोडायला गेलो आणि सांगितलं, तो प्लॉट घेऊ नका. त्या दिवशीच का नाही बोललात, असं त्याने विचारलं. घसा बसला होता, म्हणालो. त्याने मान हलवली आणि जीप सुरू केली.

३१ ऑक्टोबर
रिपोर्ट दिला. रंग दोन, गंजाचे ठिपके, पाण्याची पातळी जमिनीलगत. निचरा वाईट. घरबांधणीस अयोग्य. सही करताना पेन चालेना, दुसरं घेतलं. मोठे साहेब न वाचताच ठीक म्हणाले आणि रिपोर्ट ढिगावर ठेवला.
एजंटचा फोन बंद.

६ नोव्हेंबर, रविवार
मंगळवारी मी खड्ड्यातल्या मातीची उरलेली गोणी घरी आणली होती. का आणली ते सांगता येणार नाही. हिने एका शब्दाने विचारलं नाही. कपडे भिजवायचा टब गॅलरीत ठेवला, त्यात माती ओतली, वर बादलीभर पाणी घातलं आणि आईसाठी दुसरी खुर्ची समोर आणून ठेवली. तेव्हापासून आई त्यात पाय बुडवून बसते. काल म्हणाली, आता तुझ्या घराची घाई नाही.
मी खोलीत येऊन दार लावून घेतलं. थोडा वेळ.
मंगळवारचं पाणी अजून तसंच वर उभं आहे. टबाला भोक नाही, मग जिरणार कुठे, असं मी हिला समजावलं. टबाचा दोष. हिने सुरी तापवून टबाच्या बुडाला चांगली तीन भोकं पाडली.
सकाळपासून बघतोय. थेंबही गळलेला नाही. आई मजेत आहे. आता दोष कुणाला द्यायचा, ते मात्र सुचत नाहीये.