हॉथॉर्नची दुसरी बाटली

३ मार्च, सोमवार
डॉक्टर म्हणाले ब्लडप्रेशर वाढलंय, गोळी सुरू करा, रोज चाला. मी मान डोलावली. गोळी एकदा मागे लागली की जन्मभर सोडत नाही, हे त्यांना कोण सांगणार! उद्यापासून चालणे. पहाटे पाच.

४ मार्च
सव्वासातला उठलो. गजर वाजला होता म्हणे. बायकोनेच बंद केला असणार.

६ मार्च, रात्र
उपाय सापडला! छापखान्यात हॉथॉर्नच्या कॅप्सूलचं माहितीपत्रक पुन्हा छपाईला आलंय. औषधाच्या खोक्यात घडी घालून असतो तो कागद. काटेरी झुडूप, लाल फळं, हृदयासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापर. एकोणीस वर्षं मी हीच पत्रकं तपासतोय. शाई पसरली का, मार्जिन सुटलं का, घडी सरळ बसते का. म्हणजे अर्धा डॉक्टर झालोच की.
संध्याकाळी दोन बाटल्या आणल्या. दुसरी दादासाठी. त्याला गेल्या वर्षी अटॅक आला, तेव्हापासून बिचारा दिवसाला सहा गोळ्या गिळतो.

९ मार्च, रविवार
दादाला बाटली दिली. वहिनी म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारू. मी म्हटलं, झाडपाला तो, त्यात विचारायचं काय? दादा म्हणाला, धाकट्याने वाचलंय ना, मग झालं. लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर नाही. ऊर भरून आला.

१४ मार्च
छाती एकदम हलकी. चालणं अजून सुरू नाही, पण आता गरज काय? डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात, मोज्यांखाली. बायको विचारते, घेतली का? मी हो म्हणतो. कुठली ते ती विचारत नाही.
तळलेलं बंद. आज शेवटचं खाल्लं.

१९ मार्च
दादाचा फोन. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणे. सांगितलं, सुरुवातीला व्हायचंच, घेत राहा. हे कुठे वाचलं ते आठवेना. वाचलेलं असणारच.

२२ मार्च, शनिवार
दादा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. खुब्याचं हाड मोडलं. फोनवर वहिनीचा आवाज ओळखू येईना.

२३ मार्च, हॉस्पिटल
डॉक्टरांनी हॉथॉर्नच्या खोक्यातलं पत्रक उलगडून आम्हा सगळ्यांसमोर वाचलं. हृदयाची किंवा ब्लडप्रेशरची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ओळ ओळखीची. घडी बरोब्बर तिच्यावर येते. अक्षरं तुटत नाहीत ना एवढं पाहिलं होतं, आणि सही ठोकली होती.
हे घ्यायला कोणी सांगितलं, डॉक्टरांनी विचारलं. मी पत्रकाची घडी घालायला घेतली. दादा म्हणाला, कोणी नाही, मीच आणलं दुकानातून. वहिनीने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
ठरलं. उद्या दादा एकटा सापडला की पाय धरायचे.

२४ मार्च
तासभर एकटा होता. उद्या ऑपरेशन. भूल झेपेल का, याचीच डॉक्टरांना काळजी आहे. मी उशी नीट केली. पाणी दिलं. पंख्याबद्दल बोललो. पुन्हा उशी नीट केली.
निघालो तेव्हा त्याने हात धरला. तुझं प्रेशर कसं आहे रे आता, म्हणाला. उतरलं, म्हणालो. मोजलेलंच नाही.
बरं झालं, म्हणाला, तुला तरी गुण आला.