सातशे घोडे आणि सहावा गिअर

१२ एप्रिल, शनिवार
निर्णय पक्का. माझ्या सत्तर सालच्या शेव्हेल गाडीचा चार गिअरचा डबा काढायचा आणि ओव्हरड्राइव्हवाला बसवायचा. म्हणजे हायवेला वरचा गिअर टाकला की गाडी तेवढीच पळणार, इंजिन मात्र निवांत. सध्या ताशी सत्तर मैलांच्या स्पीडला इंजिन असं बोंबलतं की शेजारच्याचं तोंड हलताना दिसतं, ऐकू काही येत नाही.
लोर्नालाही ओव्हरड्राइव्ह हवाय. आज डोनटच्या दुकानातून येताना ती काहीतरी सांगत होती. मी मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाली, मला तुझ्याशी बोलायचंय वेंडेल. घरी तू सदा गॅरेजमध्ये. शेजारी बसतोस तो फक्त गाडीत, आणि तिथे कानठळ्या बसतात. गिअरबॉक्समध्ये इतका रस घेणारी बायको अख्ख्या ओहायोत दुसरी नसेल. शब्द दिला: मेअखेर, मेमोरियल डेच्या सुट्टीला, थेट टेनेसी. तिच्या बहिणीकडे, व्हर्नाकडे. वाटेत हवं तेवढं बोल म्हटलं.

१९ एप्रिल, शनिवार
गसकडे गेलो. गिअरबॉक्सचं दुकान आहे त्याचं, आणि जीभ तिखट. म्हणाला, पाच गिअरचा घे. कापाकापी नाही, शनिवार-रविवारात बसतो, साडेपाचशे घोड्यांच्या ताकदीचं इंजिन असलं तरी मरण नाही त्याला. मी म्हटलं, माझे सातशे आहेत. गस म्हणाला, कुठे बांधलेत? मी हसलो नाही.
प्रश्न तत्त्वाचा आहे. दर शनिवारी डोनटच्या दुकानासमोर आम्ही सगळे जुन्या गाड्यांवाले बॉनेट उघडून घडीच्या खुर्च्यांवर बसतो आणि मी कित्येक वर्षं सातशे सांगत आलोय. मर्ल सहाशे सांगतो, आणि त्याची गाडी येते ट्रेलरवर बसून. उद्या मी साडेपाचशेवाला डबा लावला तर मर्ल गाडीखाली वाकून बघणार. वाकतोच तो. तेव्हा सहा गिअरचाच. दणकट.

२४ मे, शनिवार
डबा आला. लांब आणि जाड. गाडीखाली मावत नाही, तळ कापावा लागेल. किरकोळ काम. मेमोरियल डे काय, दर वर्षी येतो.
लोर्ना म्हणाली, माझ्या व्हॅनने जाऊ या ना. तिची व्हॅन ऑटोमॅटिक. इतकी गुळगुळीत चालते की माणसाचा अपमान होतो. मी म्हटलं, अगं तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं. तिने व्हॅनची किल्ली परत खुंटीला लावली. पटलं असावं.

४ जुलै, शुक्रवार
तळ कापला. जरा जास्त कापला गेला. सीटवर बसलं की गॅरेजची फरशी दिसते, त्यामुळे तेलगळती लगेच कळेल. फायदाच आहे.
गावातल्या स्वातंत्र्यदिनाच्या परेडला दर वर्षी शेव्हेल असते. या वर्षी नव्हती. लोर्ना एकटीच गेली. येताना माझ्यासाठी बटाट्याचं सॅलड आणलं, गॅरेजच्या दारात ठेवून गेली.

१६ ऑगस्ट, शनिवार
डबा बसला. सातशे घोड्यांना साजेसा क्लचही बसवला. दाबायला अंमळ कडक आहे. डावा गुडघा सुजलाय, म्हणजे व्यायाम होतोय.
गसने रोलरवर गाडी चढवून घोडे मोजायचं मशीन आणलंय. मी म्हटलं, गरज नाही. तो म्हणाला, का रे, घोडे लाजतात का?
तीनशे ब्याऐंशी.
हवा दमट होती. मशीनही कंजूष वाटलं. शिवाय चाकांपर्यंत पोचेस्तोवर काही घोडे वाटेत गळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझे जरा जास्त गळले, एवढंच. गसला म्हटलं, मर्लला सांगू नकोस. तो म्हणाला, लेका, पाच गिअरचा घेतला असतास तर मे महिन्यातच बायकोला घेऊन पोचला असतास. विषय कुठला, हा बोलतो काय.

१ सप्टेंबर, सोमवार
लेबर डेच्या सुट्टीला निघायचं होतं. पण गिअरची दांडी जुन्या लांब सीटमधूनच वर येत होती, म्हणून ती सीट काढून दोन वेगळ्या घेतल्या. माझी बसली. लोर्नाची राहिलीय. गाडीची चाचणी घ्यायला चालक लागतोच, त्यामुळे आधी माझी, हे ओघाने आलं.
लोर्नाने तिच्या सीटची रिकामी जागा बघितली. म्हणाली, दहा ऑक्टोबरला मी व्हर्नाकडे जातेय. तुझ्या गाडीने नाहीतर बसने. आवाज चढवला नाही. समजूतदार आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार, व्हर्नाकडे
पोचलो. सीट काल बसवली.
निघताना लोर्नाने दोन मोठ्या बॅगा आणल्या. मी म्हटलं, तीन दिवसांसाठी एवढं? ती म्हणाली, वाटेत सांगते.
हायवेला लागल्यावर सहावा टाकला. इंजिन एकदम गप्प. लोर्नाने थर्मासचं झाकण फिरवलं तेही ऐकू आलं. ऊर भरून आला. मी म्हटलं, हं, बोल आता.
ती बोलली. म्हणाली, हिवाळाभर मी व्हर्नाकडे राहणार आहे. एप्रिलपासून सांगायचा प्रयत्न करतेय. तू एकदा तरी विचारशील असं वाटलं होतं. पुढे म्हणाली, वेंडेल, खरं सांगायचं तर...
मी चौथा टाकला. चढ होता. फारसा नव्हता. इंजिन परत बोंबलायला लागलं. तिचं तोंड थोडा वेळ हलत राहिलं, मग थांबलं. उरलेली सगळी वाट चौथ्यातच आलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
एकटा परतलो. अख्खी वाट सहाव्यात. डबा उत्तम आहे. पेट्रोलही कमी लागलं.
गसच्या दुकानाशी थांबलो. त्याने विचारलं, झाला का आवाज कमी? म्हटलं, झाला की. मग म्हणाला, काय म्हणायचं होतं रे लोर्नाला एवढे महिने?
म्हटलं, अर्धंच ऐकलं.